रोहिणीच्या पाण्यापासून आंतरराष्ट्रीय जलकायद्यापर्यंत

बारावीनंतर मुलांनी काय शिकावे, असा प्रश्न निघाला की आपल्या समाजात उत्तरे बहुधा ठरलेली असतात : डॉक्टर, इंजिनिअर किंवा स्पर्धा परीक्षा. या स्मरणिकेच्या निमित्ताने एका वेगळ्या अध्ययनक्षेत्राची ओळख करून देणे अगत्याचे वाटते. ते म्हणजे आंतरराष्ट्रीय जलकायदा. एकाहून अधिक देशांतून वाहणाऱ्या नदीवर कोणाचा किती अधिकार, आणि तंटा उद्भवल्यास तो युद्धाविना कसा मिटवावा, याचा विचार हे शास्त्र करते.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा सोडवावा, अशी सूचना त्याने मांडली. संघाने ती फेटाळली. हा मतभेदच पुढे त्याच्या गृहत्यागास कारण ठरला. कायद्याचा आजचा अभ्यासक या सूचनेला ‘लवाद’ म्हणेल. 1960 च्या भारत-पाकिस्तान सिंधू जलकरारातही लवाद न्यायालयाची तरतूद आहे. त्यात प्रत्येक देशाचे दोन सदस्य आणि तीन तटस्थ सदस्य असतात. भारताने 2025 मध्ये हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. बांगलादेशाशी 1996 मध्ये झालेला गंगा करारही 30 वर्षांच्याच मुदतीचा आहे. या विषयाच्या जाणकारांची देशाला किती गरज आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या कायद्याचा इतिहास बोधप्रद आहे. 1895 मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी हार्मन यांनी मेक्सिकोच्या तक्रारीवर मत दिले की, आपल्या हद्दीतील पाण्याचा हवा तसा वापर करण्यास देश मुखत्यार आहे. वरच्याने हवे तेवढे घ्यावे आणि खालच्याने उरेल त्यावर भागवावे, असाच या मताचा अर्थ होता. जगाने हे तत्त्व हळूहळू टाकून दिले. 1966 च्या हेलसिंकी नियमांनी न्याय्य व वाजवी वाटपाचे तत्त्व मांडले, आणि 1997 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह कराराने ते पुढे नेले. त्या करारावरील मतदानात भारत तटस्थ राहिला. करार 2014 मध्ये अमलात आला.

न्याय्य वाटपाच्या याच तत्त्वाने आपल्या भीमेचेही पाणी मोजले गेले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 262 मध्ये आंतरराज्य नदी तंट्यांच्या निवाड्याची तरतूद आहे. त्यास अनुसरून 1956 चा कायदा झाला आणि 1969 मध्ये न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा लवाद नेमला गेला. त्याने 2060 अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 आणि आंध्र प्रदेशास 800 अब्ज घनफूट पाणी दिले. भीमा ही कृष्णेची उपनदी असल्याने उजनीचे पाणीही याच हिशेबात बसते.

तथापि, लवाद पाणी वाटतो तो राज्याराज्यांत. उजनीचे आवर्तन सुटल्यावर ते शेवटच्या चारीपर्यंत पोहोचते का, भूमिहीनाच्या वस्तीत नळाला पाणी येते का, हे प्रश्न त्या निवाड्याबाहेर राहतात. नेमका हाच प्रश्न 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिला. त्यानंतर बाबासाहेबांनी न्यायालयीन लढाही दिला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी हा मानवी हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केले ते 28 जुलै 2010 रोजी. जलकायद्याच्या अभ्यासात हे दोन प्रवाह अनेकदा वेगळे वाहतात : देशादेशांतील वाटप आणि माणसामाणसांतील समता. त्यांना जोडण्याचे काम ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या मुलांहून अधिक समर्थपणे कोण करील?

मार्ग दीर्घ आहे, पण अशक्य नाही. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची विधी पदवी, त्यानंतर आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. आणि पीएच.डी., असा सुमारे दहा वर्षांचा हा प्रवास होय. कायद्यासोबत इतिहास, भूगोल आणि नदीशास्त्राचे भान हवे. इंग्रजी उत्तम हवीच. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत चालते, म्हणून फ्रेंचही शिकावी. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठ या विषयासाठी विख्यात आहे. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत आणि अर्थार्जन उशिरा सुरू होते, याची जाणीव पालकांनी ठेवावी.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या त्या शिक्षणाचे फळ साऱ्या देशाला मिळाले. माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपल्या वसतिगृहातील एका मुलीला किंवा मुलाला या दहा वर्षांत आर्थिक व बौद्धिक आधार दिला, तर रोहिणीच्या काठी फेटाळली गेलेली ती सूचना जगाच्या व्यासपीठावर मांडणारा अभ्यासक भीमेच्या खोऱ्यातूनही घडेल.