हिरवेपणाची भूल

अश्मगर्भी फळे म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे प्लम, पीच आणि जर्दाळू उभे राहतात, आणि आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सर्वांत कडक, पौषात पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरणारा, हे ध्यानी घेऊन आमच्या नेरडीगोंडा भागातही एखादा हौशी गृहस्थ उत्तरेकडून प्लमची रोपे मागवून घराच्या परसात लावतो. कॅलिफोर्नियात लूथर बरबँक यांनी प्लम आणि जर्दाळू यांचा संकर घडवून आणला, त्याची कथा वाचून अशी उमेद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या झाडांना फुलण्यापूर्वी सात अंशांखालची एकंदर कित्येक शे तासांची थंडी लागते, आणि आपला गारठा पहाटेचे काही तास टिकून सूर्य वर येताच ओसरतो. सबब इकडच्या माणसाने आपल्या हवेचे अश्मगर्भी फळ निवडावे, आणि ते म्हणजे आंबा. कोयीभोवती गर धरणारा आंबा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी त्याच जातीचे फळ आहे.

त्यातही घरच्या बागेला संकरित वाण विशेष सोयीचे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिलेला रत्ना साक्यापासून मुक्त आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम या एकाच जोडीतून दोन भिन्न स्वभावांची झाडे निर्माण केली: नीलम मादी आणि दशहरी नर धरून मल्लिका, तर दशहरी मादी धरून आम्रपाली. आम्रपाली इतकी ठेंगणी की अडीच-अडीच मीटरांवर लावली तरी चालते, आणि अंगणाच्या कोपऱ्यात सुखाने नांदते.

या झाडांच्या कोवळ्या वयात जे दोन घात संभवतात, ते दोन्ही आमच्या परसात घडले, आणि दोन्ही हिरवेपणाच्या रूपाने आले, म्हणून ते इतरांच्या कानी घालणे अगत्याचे वाटते.

पहिला घात कलमाच्या जोडाखालचा. रत्नाची चिठ्ठी बांधून आलेल्या एका कलमाला मृगाच्या पावसानंतर अशी जोमदार पालवी फुटली की येणारा-जाणारा थांबून पाहू लागला. जवळ बसून पाहिले तेव्हा निराळेच दिसले. जोडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी कुणीच सोडवली नव्हती. ती सालीत रुतून तिच्यावर गाठ आली होती, गाठीवरची काडी सुरकुतून काळी पडली होती, आणि डोळ्यांना सुखावणारी ती सारी पालवी पट्टीखालच्या रायवळ खुंटातून आलेली होती. तेव्हापासून मी प्रत्येकास सांगत आलो आहे की लावणी करताना जोड मातीपासून वीतभर तरी वर ठेवावा, जोड पक्का झाल्यावर पट्टी पात्याने उभी चिरून काढावी, आणि जोडाखालचा प्रत्येक कोंब बोटभर होण्याच्या आत खुडून टाकावा.

दुसरा घात मोहोराचा. आम्रपाली फार लवकर फुलते; लावणीनंतरच्या पहिल्याच माघात आमच्या दोन्ही झाडांवर मोहोर आला. मी खुडू लागताच घरच्या आत्याबाई आडव्या आल्या. “अरे, आलेला मोहोर कुणी खुडतं का? झाडाचा तळतळाट लागेल!” वडिलधाऱ्यांचा शब्द मोडवेना, म्हणून एका झाडाचा मोहोर राहिला आणि दुसऱ्याचा गेला. राहिलेल्या झाडाने वैशाखापर्यंत मोजक्या कैऱ्या धरल्या, काडी बोटाएवढीच जाड असल्याने त्यांच्या भाराने ती वाकली, पाने पिवळट झाली, आणि पाऊस लागला तरी त्यावर नवी पालवी आली नाही. शेजारच्या झाडाने मात्र तेवढ्या मुदतीत तीन नव्या फांद्या टाकल्या. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्यावर येतो, म्हणजे जिथे मोहोर तिथे त्या फांदीची वाढ त्या हंगामापुरती खुंटली; आणि पानांनी कमावलेले जे अन्न मुळांकडे जायचे ते सारे फळ ओढून घेते. म्हणून पहिली तीन वर्षे मोहोर चार बोटांचा असतानाच देठाशी खुडावा. पुढच्या माघात आत्याबाईंनी स्वतःच्या हातांनी तो खुडला.

जमिनीविषयी पुस्तकांतून जे सांगितले जाते ते काळ्या रानात जसेच्या तसे लागू करू नये. मीटरभर खोल खड्डा मुरमाड जमिनीत उत्तम. चिकण काळ्या मातीत मात्र श्रावणात त्यात पाणी साचून मुळे कुजतात. तेथे शेणखत मिसळलेल्या मातीचा हातभर उंच ओटा करून त्यावर कलम लावावे. हीच माती चैत्रानंतर भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते, यास्तव आळ्यावर सोयाबीनच्या कुटाराचे जाड आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, कारण वाळवी त्याच वाटेने चढते. पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा केला की पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे ऊन झाड सोसते. पौषातल्या कडाक्याच्या रात्रीपूर्वी सायंकाळी थोडे पाणी द्यावे.

ज्यांच्याकडे कलमाची काडी मेली आणि खुंट माजला आहे त्यांनी तो उपटून टाकू नये. त्याची मुळे त्या मातीत रुजलेली असतात, आणि ही फार मोठी ठेव आहे. उन्हाळा सरताना खुंट गुडघाभर उंचीवर कापावा. आषाढात त्यावर तांबूस कोंब येतील, त्यांतला एक सरळ व सशक्त कोंब ठेवून बाकीचे काढावेत. ज्या झाडाचे फळ आपण स्वतः चाखले आहे अशा झाडाची तीन-चार महिन्यांची काडी निवडावी, आठवडाभर आधी झाडावरच तिची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळे फुगतात. आणि श्रावणातल्या ढगाळ दिवशी त्या कोंबावर पाचर कलम बांधावे. आमच्या त्या खुंटावर आता शेजारच्या आम्रपालीची काडी आहे.