आरंभीचे मूल्य

इतिहासाच्या शिक्षकाने गणितावर लिहावे, याचे माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु वसतिगृहाच्या रात्रीच्या अभ्यासिकेत विषयांची वाटणी नसते. ज्याला जे अडते, ते समोर बसलेल्या शिक्षकाला विचारले जाते. बारावीच्या मुलांना वारंवार अडणारी एक गोष्ट येथे मांडतो.

एखादी राशी कोणत्या दराने बदलते हे ज्ञात असता मूळ राशीकडे परत जाण्याच्या क्रियेस समाकलन म्हणतात. तिचे लांबट चिन्ह लायब्निझने १६७५ मध्ये योजिले. मात्र केवळ दरावरून एकच उत्तर मिळत नाही. त्यात एक स्थिरांक अज्ञात राहतो. स्थिरांकाच्या बदलाचा दर शून्य असल्याने दरात त्याची खूणही उरत नाही. तो ठरविण्यासाठी आरंभीची स्थितीच सांगावी लागते.

विहिरीत दगड सोडला, असे समजा. हवेचा विरोध वगळल्यास त्याचा वेग प्रत्येक सेकंदास ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. काळास ‘का’ म्हणू. समाकलन केल्यावर,

वेग = ९.८ × का + प

दगड नुसता सोडला; म्हणजे का = ० असता वेग = ०, म्हणून प = ०. वेग हा अंतराच्या बदलाचा दर. म्हणून पुन्हा समाकलन करून,

अंतर = ४.९ × का × का + फ

अंतर काठापासून मोजतो, म्हणून फ = ०. दगड दोन सेकंदांनी पाण्यावर पडला, तर पाणी १९.६ मीटर खोल आहे. ताळा सोपा आहे : अंतराचे अवकलन केले की वेग परत मिळतो.

आता दुसरा दगड त्याच क्षणी ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने खाली फेकला. नियम तोच, परंतु प = ५. म्हणून,

अंतर = ४.९ × का × का + ५ × का

मुले ‘प’ लिहावयास विसरतात आणि दुसऱ्या दगडासही पहिल्याचेच उत्तर देतात. वास्तविक अर्ध्या सेकंदाला दुसरा दगड २.५ मीटर पुढे असतो, तर एका सेकंदाला ५ मीटर. दोघांवरील गुरुत्वाकर्षण सारखे, वेगवाढ सारखी. तरीही त्यांच्यातील अंतर वाढतच जाते.

घरात प्रथमच अक्षर गिरविणाऱ्या मुलांना हे उदाहरण शिकविताना मी क्षणभर थांबतो. सर्वांना समान दर दिला म्हणजे समता आली, असे म्हणणाऱ्यास आरंभीचे मूल्य विचारावे. मागून निघालेल्यास बरोबरी साधावयाची, तर त्याचा दर अधिकच असावा लागतो. आपल्या अभ्यासिकेतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात, ते यासाठीच.