थोरलीची आठवी

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटाची डोंगररांग गेलेली आहे. गोदाकाठची जमीन काळी व कसदार. डोंगरपट्ट्यातील जमीन मात्र मुरमाड, उथळ आणि पावसाच्या लहरीवर अवलंबून असणारी. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर बाजरी-तूर घरात आली, की पुढे हाताला फारसे काम उरत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी सांगली, सातारा, कोल्हापूरकडे, तर काही थेट कर्नाटकात जातात.

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक अर्थ सर्वांना ठाऊक असलेल्या हत्याराचा. दुसरा अर्थ नवरा-बायकोच्या जोडीचा. मुकादम उचल देतो ती एका माणसाला नव्हे, एका कोयत्याला. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळी बांधायची आणि दोघांनी ती डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरायची. फडाजवळ कोपी घालून राहायचे, मध्यरात्री गाडी आली तरी उठायचे, आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की गावी परतायचे.

शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते. ज्या महिन्यांत अभ्यासाला खरा रंग चढतो, त्याच महिन्यांत ही गावे ओस पडतात. म्हातारी माणसे, गुरे आणि कुलपे एवढेच मागे उरते.

अशा एखाद्या वाडीवरील एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात आजी, आई-वडील आणि तीन मुले. मुलांत थोरली मुलगी तेरा वर्षांची, मधला मुलगा चौथीत जाणारा आणि धाकटा तीन वर्षांचा. थोरली वाडीतील जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झाली. त्या शाळेत सातवीपुढे वर्ग नाहीत. आठवीचा वर्ग सहा किलोमीटरवरील मोठ्या गावच्या माध्यमिक शाळेत. आजवर प्रत्येक हंगामात आजीजवळ राहून तिने शाळा केली होती, पण ती शाळा अंगणापलीकडे होती. आता प्रश्न निराळा होता.

आई-वडील एप्रिलात फडावरून परतले, तोच शेजारच्या वस्तीवरून एक स्थळ सुचवण्यात आले. मुलगा ऊसतोडीलाच जाणारा. आजीला त्यात वावगे काही दिसले नाही. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, धास्ती होती. वयात येऊ लागलेली पोर घरी एकटी ठेवावी तर काळजी. फडावर न्यावी तर कोपीला दार नसते. लग्न केले की एक नवा कोयता होतो, त्याला उचल मिळते, आणि आई-बाप मोकळे होतात. डोंगरपट्ट्यात हा हिशेब कित्येक घरांनी मांडला आहे. वास्तविक २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा गुन्हा आहे. परंतु धास्तीपुढे कायद्याचे भान राहत नाही. मुलगी हे ओझे, ही समजूत या जिल्ह्यात किती खोल गेली होती, हे २०११ च्या जनगणनेने दाखवले. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे येथे ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यातील सर्व जिल्ह्यांत कमी होते.

आजी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. १९७२ च्या दुष्काळात ती थोरलीच्याच वयाची होती. तेव्हा रोजगार हमीचा कायदा झालेला नव्हता, पण सरकारने दुष्काळी कामे काढली होती. त्या कामांवर तिने खडी फोडली आणि तेथे वाटली जाणारी सुकडी खाऊन दिवस काढले. तिच्या आईच्या काळी तर मुलींच्या शाळेची गोष्टच नको. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी माध्यमिक शाळांत शिक्षण उर्दूतून चाले. मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून काही खाजगी शाळा निघाल्या. अंबाजोगाईच्या अशाच एका शाळेत १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक म्हणून आले. पण अंबाजोगाई कुठे आणि ही वाडी कुठे!

स्थळाचा विषय आईने लांबणीवर टाकला. नाही म्हटले नाही. "आत्याबाई, औंदा राहू द्या," एवढेच ती म्हणाली.

मे महिन्यात वाडीच्या शाळेतील गुरुजी घरी आले. थोरलीला सातवीत अडुसष्ट टक्के गुण होते. आठवीत शिकणाऱ्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिला बसण्यासाठी सातवीत पंचावन्न टक्के गुण असावे लागतात, मागास जाती-जमातींना पन्नास पुरतात, आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. दोन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी नव्वद प्रश्नांच्या. एक बुद्धीची पारख करणारी. दुसरीत विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षे, वर्षाला १२,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. गुरुजींनी हे सारे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "परीक्षा बहुधा डिसेंबरात असते." वडिलांच्या ध्यानात यायचे ते आले. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम.

त्या रात्री वडील बराच वेळ हिशेब करीत बसले. २०२४ च्या जानेवारीतील करारानुसार ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये झाला होता. कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये. हंगामाचे १३० दिवस धरले तर पंचाण्णव हजारांच्या आसपास. उचल लाखाची घ्यावी, तर ती फिटता फिटता हंगाम संपतो, आणि मधे आजारपण आले की बाकी अंगावर राहते. थोरली बरोबर आली, तिने मोळ्या बांधल्या आणि वाढे गोळा केले, तर दिवसाला अर्धा टन अधिक निघेल. म्हणजे हंगामात तेवीस-चोवीस हजार. शिष्यवृत्ती मिळाली तरी ती बारा हजारांची, तीही नववीपासून, आणि मिळेलच याची हमी नाही. आकड्यांनी पाहिले तर थोरलीला शाळेत घालणे हा तोट्याचा व्यवहार होता. वडिलांनी तो तोटा पत्करला. का, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. सकाळी उठून ते शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले.

जून उजाडण्यापूर्वी एके दिवशी आई थोरलीला घेऊन मोठ्या गावच्या शाळेपर्यंत चालत गेली. सहा किलोमीटरच्या वाटेत दोन ओढे आणि एक निर्मनुष्य खिंड होती. जाताना किती माणसे भेटतात, कुठे वस्ती आहे, कुठे नाही, हे आईने नीट पाहून घेतले. शाळेत पोहोचल्यावर ती कार्यालयात न जाता आधी मागच्या बाजूला गेली. मुलींचे शौचालय वेगळे होते. दाराला आतून कडी होती. नळाला मात्र पाणी नव्हते. तिने तेथील बाईंना तसे स्पष्ट विचारले. बाईंनी ओशाळून सांगितले, की टाकी शाळा सुरू होताना भरली जाईल. आईने मान हलवली, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा येऊन नळ उघडून पाहिला. पाणी आले.

सहा किलोमीटर रोज चालण्याची गरज नव्हती. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. सकाळची गाडी वाडीच्या फाट्यावर येते. प्रश्न परतीचा होता. शाळा सुटते पाचला आणि गाडी कधी सहाला, कधी सातला. फाट्यापासून घरापर्यंतचा अर्धा कोस कातरवेळी एकटीने यायचा नाही, त्याच वाटेच्या आणखी दोन मुलींबरोबरच यायचे, असे ठरले. ते नुसते ठरवून आई थांबली नाही. त्या दोन्ही मुलींच्या घरी जाऊन तिने त्यांच्या आयांशी बोलणे केले.

वसतिगृहाचाही विचार झाला. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवान बाबा यांच्या नावाने राज्यातील ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची योजना शासनाने २०२१ साली मंजूर केली. प्रत्येक ठिकाणी शंभर मुलांची सोय. परंतु थोरली तालुक्याच्या गावी गेली तर आजी आणि मधला यांचे कोण पाहणार? मधल्याला वाडीतील हंगामी वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळे, पण झोपायला तो घरीच येई. थोरली घरी राहणार, हे त्यातून ठरले. घराच्या सोयीसाठी मुलीची सोय मागे पडली, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही.

मग तयारीला प्रारंभ झाला. स्वयंपाक तिला येतच होता. तो शिकवण्याची गरज नव्हती. शिकवायचे होते ते आजीला. दिवेलागणीनंतर दोन तास पोरीला पाणी आण, भांडी घास असे सांगायचे नाही, हे आईने सासूकडून तीनदा वदवून घेतले. वडिलांनी आतल्या खोलीत एक दिवा वाढवला आणि दाराची खिळखिळी झालेली कडी काढून नवी बसवली. किराणा दुकानदाराला सांगून ठेवले, की पोरगी वही-पेन मागेल ते खात्यावर लिहावे. तहसिलीतून उत्पन्नाचा दाखला आणण्यात त्यांचे तीन दिवस आणि तीन रोजगार गेले. एका संध्याकाळी आईने थोरलीला परसात नेऊन, वयात आल्यावर शरीरात काय पालटते, त्या दिवसांत स्वच्छता कशी राखावी आणि शाळा बुडवण्याचे कारण नाही, हे सांगितले. तिला स्वतःला हे कोणी सांगितले नव्हते. उसाच्या फडात तिने ते दिवस कसे काढले, हे मात्र ती बोलली नाही.

आतापर्यंत सुट्टीत थोरली फडावर गेली, की धाकट्याला तीच सांभाळी. यंदा धाकट्याला कोण पाहणार? आईने जुन्या लुगड्याची झोळी शिवली. बांधावर झाड असेल तर झाडाला, नसेल तर उभ्या गाडीखाली ती टांगायची होती.

दिवाळी झाली. पाडव्यानंतर चौथ्या रात्री ट्रक आला. भांडी, पीठ, सरपण, दोन शेळ्या आणि माणसे एकाच ट्रकमध्ये चढली. आईने कनवटीची किल्ली काढून आजीच्या नव्हे, थोरलीच्या हातात दिली. आजीने ते पाहिले, पण ती काही बोलली नाही.

परीक्षेचा दिवस डिसेंबरातील एक रविवार होता. केंद्र तालुक्याच्या गावी. आईची यायची फार इच्छा होती. पण एकाने काम सोडले की जोडीच मोडते, खाडा दोघांचा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. शाळेतील बाई सहा मुलींना घेऊन सकाळच्या गाडीने गेल्या. संध्याकाळी थोरलीने वडिलांना फोन लावला. पलीकडे मोळ्या टाकल्याचे आवाज येत होते.

"किती प्रश्न होते?" वडिलांनी विचारले.

"एकशे ऐंशी."

"सुटले?"

"सगळे लिहिले, दादा. बारा अंदाजानं."

"बारा म्हणजे फार नाहीत," वडील म्हणाले. गाडी भरायची राहिली होती. त्यांनी फोन आईच्या हातात दिला.