वेग हरवतो तो घरातच

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी हे माझं घरबसल्याचं काम. पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत राहते. मोठा मॉनिटर आणि हाताखालचा कीबोर्ड सोडवत नाही, त्यामुळे सगळं काम डेस्कटॉपवर. दिवाळी अंकांचा हंगाम आला की दोनशे-तीनशे एमबीच्या पीडीएफ छापखान्याला पाठवायच्या असतात आणि नेमकं तेव्हाच अपलोड अडून बसतं. घरातले मोबाइल मात्र सुसाट. तक्रार केली की नेटवाल्याचा मुलगा येतो, राउटरजवळ उभा राहून स्वतःच्या फोनवर वेग मोजतो, "काकू, लाइन ओके आहे" म्हणतो आणि जातो. तो खोटं बोलत नाही. घरापर्यंत आलेला वेग माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही, एवढंच. मधे तो कुठे गळतो हे कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा शे-पाचशे रुपयांत होते. आजवर जे हाती लागलं ते असं.

१. खिशात हात घालण्याआधी तीन ठिकाणी मोजा

आधी राउटरशेजारी उभं राहून फोनवर वेग मोजा. मग तोच फोन डेस्कटॉपच्या टेबलावर ठेवून मोजा. शेवटी खुद्द डेस्कटॉपवर मोजा. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप किंवा कुठलीही स्पीड टेस्ट चालेल. मात्र त्या वेळी घरात कुणी सिनेमा पाहत नसावं.

पहिलाच आकडा कमी आला तर दोष बाहेरच्या लाइनचा, तक्रार नोंदवा. पहिला चांगला आणि दुसरा पडला तर भिंती किंवा राउटरची जागा आडवी येते आहे. पहिले दोन चांगले आणि फक्त तिसरा पडला तर दुखणं डेस्कटॉपच्याच अंगात आहे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आकडे वाचताना एक भान ठेवा. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते आणि एका बाइटचे आठ बिट. म्हणजे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला १२ मेगाबाइट उतरले तर ती चोरी नव्हे, तो हिशोबच तसा आहे.

२. खात्री करायची तर फोनलाच अडॅप्टर करा

अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा, चार्जिंगच्या वायरने डेस्कटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये मग फोन वायफाय पकडतो आणि डेस्कटॉपला वायरने पोचवतो. वायर नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. मोबाइल डेटा आठवणीने बंद करा, नाहीतर वायफाय सुटलं की पॅक गुपचूप संपतो.

असं केल्यावर वेग दुप्पट-तिप्पट झाला तर डेस्कटॉपचा अडॅप्टर किंवा त्याची जागा सदोष आहे, हे पक्कं समजा. रात्री अकराला छापखान्यातून फोन आला की हाच उपाय औषध म्हणूनही चालतो. विंडोज नव्याने टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हर मिळत नसेल, तर तो उतरवून घ्यायलाही हीच वाट.

३. कॅबिनेटची पाठ ही अँटेनासाठी सगळ्यात वाईट जागा

लॅपटॉपची अँटेना पडद्याच्या कडेला, उंचावर असते. डेस्कटॉपचं सगळं उलट. पत्र्याचा डबा टेबलाखाली, पाठ भिंतीला आणि त्या पाठीत नखाएवढा वायफाय अडॅप्टर, म्हणजे डोंगल. समोर राउटर, मधे अख्खा पत्रा. सिग्नलने यायचं तरी कुठून?

उपाय साधा आहे: हात-दीड हात लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. शंभर-दोनशे रुपयांत मिळते. डोंगल तिच्या टोकाला लावा आणि वर टेबलावर, दाराच्या दिशेला आणून ठेवा. माझा डोंगल मॉनिटरच्या मागे दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने डकवला आहे. खाली असताना सिग्नल चाळीस टक्क्यांवर रेंगाळायचा, वर आल्यावर पंचाहत्तरच्या पुढे गेला. आतलं कार्ड असेल तर त्याच्या अँटेना मागच्या स्क्रूंना घट्ट बसल्या आहेत ना, हे आधी पाहा. सैल अँटेना आणि नसलेली अँटेना यांत फारसा फरक नाही. वायरवर लांब ठेवता येणारी, लोहचुंबकाच्या बैठकीची अँटेनाही वेगळी मिळते.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. खुद्द इंटेलने २०१२ मध्ये याविषयी तांत्रिक टिपण काढलं होतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू झाला की शेजारच्या पोर्टातल्या डोंगलचं नेट रखडतं, ते यामुळे. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवा.

४. फूट मोजू नका, भिंती मोजा

मोकळ्या दिवाणखान्यात तीस फूट काहीच नाहीत. जुन्या वाड्याची दगडी भिंत किंवा कोकणातली जाड जांभ्याची भिंत मधे आली तर दहा फूटही भारी पडतात. सळ्यांचं काँक्रीट, आरशाचं लोखंडी कपाट, पाण्याचा पिंप, माशांची टाकी हे सगळे सिग्नल खाणारे.

राउटर कुठे बसतो? जिथून वायर घरात शिरते तिथे, म्हणजे बहुधा टीव्हीच्या मागे. तो तिथून काढून पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर आणा. फायबरची वायर स्वतः ओढू नका. काटकोनात मुडपली की आतली काच तुटते. जोडणीच्या वेळीच नेटवाल्याच्या मुलाला सांगावं, "दादा, चार-पाच मीटर जास्तीची वायर गुंडाळून ठेव." अँटेना उभ्या असल्या की सिग्नल आजूबाजूला आडवा पसरतो, म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात त्या उभ्याच बऱ्या.

५. गर्दीचा पट्टा सोडा

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात चॅनल तेरा दिसतात, पण एकमेकांच्या अंगावर न जाणारे तीनच: १, ६ आणि ११. एवढ्यात अख्ख्या इमारतीचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह. संध्याकाळी आठनंतर तिथे दिवाळीच्या आदल्या दिवशीचा लक्ष्मी रस्ता होतो.

५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस. आपल्याकडे २०१८ मध्ये या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना वापरायला खुले झाले. फक्त हा सिग्नल भिंतीपुढे लवकर दमतो. त्यामुळे मधे एखादी भिंत असेल तर ५ वापरा आणि तीन असतील तर २.४ वरच राहा. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे डेस्कटॉप आपल्या मनाने २.४ वर घसरणार नाही. २.४ वापरावंच लागलं तर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांचे राउटर कुठे दाटलेत ते पाहा आणि १, ६, ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळा चॅनल निवडा.

६. फुकटच्या सेटिंग्ज एकदा तपासून घ्या

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटचं पान असेल, तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. डेस्कटॉपला बॅटरी नाही, वाचवायचं काय? ड्रायव्हर शक्यतो बनवणाऱ्या कंपनीचा घ्या. विंडोज अपडेट आपल्या यंत्रावरून इंटरनेटवरच्या इतरांना फाइली पुरवत असेल, तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन ते बंद करा. पडद्याआड फोटो चढवत बसणारी क्लाउडची अ‍ॅप्स कामाच्या वेळेपुरती थांबवा. अपलोडचा गळा बहुधा तीच धरतात.

७. डोंगल घ्यायचा तर खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडल्या की बँड, चॅनल, प्रोटोकॉल आणि लिंक स्पीड दिसतो. लिंक स्पीड ७२ असेल तर हातात जेमतेम चाळीस-पन्नास येतात. स्वस्तातला १५० लिहिलेला डोंगल एका अँटेनाचा आणि फक्त २.४ चा असतो. त्याचे १५० दुप्पट रुंद चॅनल मिळाला तरच. गर्दीत तो ७२ वरच राहतो.

एसी६०० म्हणजे २.४ चे १५० आणि ५ चे ४३३ यांची बेरीज करून फुगवलेला आकडा. डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. तरीही साध्या कामाला सात-आठशे ते हजारातला हा दोन पट्ट्यांचा डोंगल पुरेसा आहे. एसी१३०० घेतला तर तो यूएसबी ३ च्या पोर्टात लावा. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट.

हजार-दीड हजार जास्त घालता येत असतील तर आतलं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड टिकाऊ. घेण्याआधी कॅबिनेट उघडून रिकामा स्लॉट आहे का ते पाहा. बारीक कॅबिनेटला बुटकी पट्टी लागते. लिनक्स वापरणाऱ्यांनी आतली चिप कोणती हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला "बदलून मिळेल ना?" हे बिल करण्याआधी विचारावं.

८. डेस्कटॉप हलत नाही, तेव्हा वायर टाका

हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळ्यांना ते कमीपणाचं वाटतं. जे यंत्र जागचं हलणार नाही, त्याला हवेतून नेट हवंच कशाला? कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. घरात वीस मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. कॅट ६ ची तेवढी केबल साधारण चार-सहाशे रुपयांत येते. शेजाऱ्यांचे राउटर, मायक्रोवेव्ह, भिंती हे सगळे प्रश्न एका झटक्यात संपतात.

केबल घेताना आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना हे विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवली की मोडते. दाराच्या वरून नेऊन केसिंग पट्टीत घातली की दिसतही नाही. भाड्याचं घर असेल तर भोक पाडायची गरज नाही. खिडकीच्या फटीतून किंवा दाराखालून चपटी केबल जाते. विजेच्या वायरीच्या पाइपातून मात्र तिला नेऊ नका.

टोकाची क्लिप बसवून घेताना समोर उभं राहावं. आमच्या इलेक्ट्रिशियनदादांनी आठ तारा चिमटीत सरळ करून पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा ओळीत लावल्या, टोकं एका रेषेत कापली आणि मगच क्लिप दाबली. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. जोडल्यावर लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसला तर एखादी तार नीट बसलेली नाही किंवा राउटरचा पोर्टच १०० चा आहे. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात.

९. रिपीटर विकत घेण्याआधी माळ्यावरचा राउटर उतरवा

साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. जुना राउटर त्याहून कामाचा. मुख्य राउटरपासून वायर आणून जुन्याच्या लॅन पोर्टात लावा, जुन्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरहून वेगळा पण त्याच मालिकेतला द्या. मागच्या खोलीत ताजं वायफाय तयार.

वायर नेणं शक्यच नसेल तर जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये क्लायंट किंवा ब्रिज मोड आहे का ते पाहा. असेल तर तो वायफाय पकडून डेस्कटॉपला छोट्या लॅन वायरने देतो. दोन-तीन अँटेनांचा अडॅप्टर असा फुकटात मिळतो.

१०. प्लॅन वाढवणं सगळ्यात शेवटी

कस्टमर केअरला फोन केला की १०० चा प्लॅन ३०० करा असं सुचवतात. डेस्कटॉपचा लिंक स्पीड ७२ असेल तर वरचे सगळे पैसे पाण्यात. आधी आपली गरज मांडा. माझी ३०० मेगाबाइटची पीडीएफ ४ मेगाबिटच्या अपलोडला दहा मिनिटं घेते, ४० ला एक मिनिट. त्याहून वेगवान करून छापखाना काही लवकर छापणार नाही. व्हिडिओ कॉलला तीन-चार मेगाबिट पुरतात. प्लॅन निवडताना डाउनलोडइतकाच अपलोडचा आकडाही विचारा, कारण काम पाठवणाऱ्याला तोच लागतो. आणि वायरने जोडलेल्या डेस्कटॉपवरही प्लॅनचा पूर्ण वेग मिळून तो अपुरा पडतोय असं दिसलं, तर खुशाल वरचा प्लॅन घ्या. तेव्हा दिलेला प्रत्येक रुपया टेबलापर्यंत पोचेल.