प्रश्नांची वही

प्रश्न दोन प्रकारचे असतात. गोदावरी नदी कोठे उगम पावते, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती होते, हे प्रश्न पहिल्या प्रकारचे होत. त्यांची उत्तरे पुस्तकात सापडतात. ती बरोबर तरी असतात, नाहीतर चूक तरी असतात. वर्गातील चाळीस मुलांनी चाळीस तऱ्हेची उत्तरे दिली, तर गुरुजींना काळजी वाटू लागते. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न याहून अगदी निराळे. देवगडच्या बाजूला एखाद्या घराच्या पडवीत मुले जमली, बाहेर पाऊस कोसळत असला आणि अंगणात पाऊल टाकण्याची सोय नसली, म्हणजे हे प्रश्न आपोआप निघतात. "तुका भय कसला वाटता?" "तुका काय खावक आवडता?" "मोठो झाल्यार तू कोण होतलंस?" मालवणी बोलीतील हे प्रश्न ऐकावयास सोपे आहेत, परंतु त्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात छापलेली नाहीत. येथे चाळीस मुलांची उत्तरे एकसारखी आली, तर मात्र कोठेतरी चुकले असे समजावे.

आवडीचा प्रश्नच पहा. देवगड म्हणजे हापूस आंबा, हे समीकरण साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या लौकिकावर कायद्याचीही मोहोर उमटली. त्यामुळे देवगडच्या मुलाला "काय आवडते?" असे विचारले, तर "हापूस!" हे उत्तर प्रश्न संपण्यापूर्वीच येते. ते खोटे नसते. पण ते बहुधा गावाचे उत्तर असते, त्या मुलाचे नव्हे. जरा थांबून त्याला पुढे विचारावे, "कोणता हापूस? फोडी केलेला की चोखून खाल्लेला?" मग तो विचारात पडतो. उत्तम फळे पेट्यांत भरून मुंबईला गेलेली असतात. डाग पडलेला, बाजारात न गेलेला आंबा झाडाखाली बसून खाल्ला, तोच त्याला आठवतो. दुसरी एखादी मुलगी बराच वेळ गप्प राहते आणि मग हळूच सांगते, की पावसाळ्यात आजी निखाऱ्यांत फणसाच्या आठळ्या भाजते, त्या तिला सर्वांत आवडतात. तिसऱ्याला सकाळच्या पेजेबरोबर मिळणारा भाजलेला सुका बांगडा आठवतो. अशा उत्तरात पदार्थ एकटा येत नाही. त्याच्यामागून चूल येते, धूर येतो, आजी येते.

खाण्याविषयीचे असे प्रश्न आपल्याकडे खेळातही आहेत. भोंडल्याची गाणी संपली, की खिरापत ओळखण्याची गंमत सुरू होते. झाकलेल्या डब्यात काय आहे, गोड की तिखट, ओले की कोरडे, असे विचारीत मुली त्या पदार्थापर्यंत येऊन पोहोचतात. नव्या नवरीला नाव घ्यावयास लावणे हाही एक प्रश्नच होय. तिच्या नवऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. ते ती कसे सांगते, एवढेच ऐकावयाचे असते.

युरोपात या खेळाने वहीचे रूप घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील घराघरांत अशा वह्या दिसू लागल्या. त्यांत प्रश्न छापलेले असत आणि उत्तरासाठी जागा कोरी सोडलेली असे. तुमचा आवडता रंग कोणता, आवडते फूल कोणते, सुख कशात आहे, दुःख कशात आहे, असे ते प्रश्न असत. घरी आलेल्या पाहुण्यापुढे वही ठेवावयाची आणि त्याने उत्तरे लिहून द्यावयाची, अशी ती रीत होती. जर्मन विचारवंत कार्ल मार्क्स त्या काळी लंडनमध्ये राहत असत. साऱ्या जगात खळबळ उडविणारा ग्रंथ लिहिण्यात ते गढलेले होते. परंतु १८६५ साली त्यांच्या मुलींनी हे प्रश्न पुढे केले, तेव्हा त्यांना उत्तरे देणे भाग पडले. आवडता रंग तांबडा, आवडता उद्योग पुस्तके धुंडाळीत बसणे आणि आवडता पदार्थ मासे, असे त्यांनी लिहून दिले. देवगडच्या कोणत्याही घरी या पाहुण्याची सोय सहज लागली असती!

आवड सांगणे त्या मानाने सोपे. भीती सांगणे कठीण. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी लोकांना, विशेषतः मुलांना व तरुणांना, कशाकशाची भीती वाटते हे प्रश्न पाठवून विचारले आणि १८९७ साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. सुमारे सतराशे जणांनी मिळून सहा हजारांहून अधिक भीती कळविल्या होत्या. त्यांत पहिला क्रमांक लागला मेघगर्जनेचा आणि विजेचा. सरपटणारे प्राणी, अनोळखी माणसे आणि काळोख यांचे क्रमांक त्याखालोखाल होते. देवगडमध्ये अशी वही फिरविली, तर वीज आणि साप तिच्यात खासच येतील. पण अमेरिकेतील मुलांना ठाऊक नसलेली काही नावेही येतील. रात्री वाटसरूची वाट चुकविणारा चकवा येईल, पाण्याकाठचा गिऱ्हा येईल. जत्रेतील दशावतारी नाटकात काळ्या वेषाचा संकासूर रंगभूमीवर येतो, तोही कोणाच्या तरी उत्तरात सापडेल. त्याला पाहून लहान मूल आईच्या पदराआड तोंड लपविते आणि पुढच्या वर्षी तेच मूल त्याला पाहण्यासाठी सर्वांत पुढे जागा धरून बसते. भीती आणि आवड यांची घरे प्रश्नांच्या वहीत वेगवेगळी आखलेली असतात; मनात ती नेहमीच वेगळी नसतात.

आता अशी कल्पना करा, की ही वही एका मच्छीमाराच्या मुलापुढे आली आहे. त्याचे आजोबा समुद्रावर गेले, वडील जातात, काका जातात. समुद्रावरच घराचे पोट आहे. "कशाची भीती वाटते?" या प्रश्नापुढील जागा कोरी आहे आणि त्याला खरे उत्तर ठाऊक आहे. त्याला समुद्राची भीती वाटते. रात्री वाऱ्याचा आवाज वाढला आणि वडील अजून परतले नसले, की त्याला झोप लागत नाही. परंतु पाण्याकाठी जन्मलेल्या मुलाने पाण्याला भ्यावे, हे लिहावयाचे कसे? "सापाची" असे लिहिले, तर कोणी हसणार नाही. "कशाचीच नाही" असे लिहिले, तर फारच उत्तम! या उत्तराइतके पोकळ उत्तर दुसरे नसेल, तरीही मुलांच्या वह्यांत तेच पुष्कळदा आढळते.

समजा, त्याने पेन्सिल घट्ट धरली आणि "समुद्राची" असे लिहिले. येथपर्यंतचे काम त्याचे होते. यापुढे काय व्हावयाचे, ते वही वाचणाऱ्याच्या हाती आहे. वाचणारा मोठ्याने हसला आणि ते उत्तर त्याने साऱ्या पडवीला ओरडून सांगितले, तर खेळ तेथेच संपला. वही पुढे फिरेल. पण त्यानंतर तिच्यात साप आणि वीज यांखेरीज काही यावयाचे नाही. याउलट एखादा जण नुसते "माका पण" एवढे म्हणाला, तर पुढच्या मुलीलाही आपले खरे उत्तर लिहिण्यास बळ येते. खेळातील प्रश्न गमतीचे असले, तरी उत्तर देणारा कधीकधी गंमत करीत नसतो. हे ज्याला ओळखता येते, त्याच्याच हाती वही द्यावी.

आणि त्या मुलाला तरी आपण एकटे भितो असे का वाटावे? देवगडच्या किल्ल्यावर दीपगृह उभे आहे. काळोखात खडक दिसत नाहीत आणि त्यांवर आदळून तारवे फुटतात, ही भीती दर्यावर्दी माणसांनी मोकळेपणाने कबूल केली, म्हणूनच किनाऱ्याकिनाऱ्यावर असे दिवे लागले. जून आणि जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला कोकणातील मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करतो. त्या नारळात प्रेम असते, कृतज्ञता असते आणि थोडी भीतीही असते.

राहता राहिली मनोराज्ये. यांविषयी विचारले असता माणूस लाजतो, कारण मनोराज्यात तो नेहमीच राजा असतो! पूर्वी मुंबईहून निघणारी आगबोट कोकणातील बंदरे घेत देवगडला येत असे. ती दूरवर दिसू लागली, की त्या काळच्या कितीतरी मुलांनी मनातल्या मनात तिच्यावर पाऊल ठेवले असेल. आता ती आगबोट नाही. क्षितिजावरून जाणारी मोठी जहाजे मात्र आहेत आणि मनातल्या मनात पाऊल ठेवण्यास भाडे पडत नाही. परंतु मनोराज्याचे चित्र सर्वांना सारखेच दिसत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली एक साधा प्रश्न विचारून हे उघडकीस आणले. आज सकाळी तुम्ही न्याहारीला बसलात, ते मेज मनात आणा. ते स्पष्ट दिसते की अंधूक? त्याचे रंग दिसतात काय? असा तो प्रश्न होता. कित्येकांनी कळविले, की आम्हांला बशीचा रंगसुद्धा दिसतो. कित्येक नामांकित शास्त्रज्ञांनी मात्र उत्तर दिले, की मनात चित्र दिसते म्हणजे काय, हेच आम्हांला समजत नाही! आज सकाळच्या पेजेची वाटी डोळे मिटून पाहिली, तर हा प्रयोग घरीही करता येतो.

या वह्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध झालेली वही पॅरिसमधील आंत्वानेत फोर नावाच्या मुलीची आहे. तिचे वडील पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झाले. १८८६ च्या सुमारास तिच्या वहीत मार्सेल प्रूस्त नावाच्या एका मुलाने उत्तरे लिहिली. त्या वेळी तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. वाचन, मनोराज्ये आणि कविता हे आपले आवडते उद्योग, असे त्याने लिहिले. रंगांच्या प्रश्नाला त्याने सगळेच रंग आवडतात असे सांगून बगल दिली. फुलाविषयी तर ठाऊक नाही म्हणून मोकळा झाला. परंतु दुःख कशात आहे, या प्रश्नाला त्याने बगल दिली नाही. आईपासून दूर राहावे लागणे हेच दुःख, असे त्याने लिहिले. त्या वयाच्या मुलाला हे उत्तर दुसऱ्याच्या वहीत लिहिणे सोपे गेले नसेल. काही वर्षांनी, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने असेच प्रश्न पुन्हा सोडविले. पुष्कळ उत्तरे बदलली होती. दुःखाच्या प्रश्नापुढे आता त्याने लिहिले, की आई आणि आजी यांची ओळखच झाली नसती, तर ते दुःख ठरले असते.

हा मुलगा पुढे फ्रेंच भाषेतील एक श्रेष्ठ कादंबरीकार झाला. त्याच्या सात भागांच्या कादंबरीचा पहिला भाग १९१३ साली निघाला. रात्री आई झोपण्यापूर्वी भेटावयास येईल की नाही, या काळजीने जागा राहिलेला एक लहान मुलगा त्या भागाच्या प्रारंभीच भेटतो. प्रूस्त १९२२ साली वारला. १९२४ साली आंत्वानेतच्या मुलाने ती जुनी वही उजेडात आणली आणि २००३ साली लिलावात तिला एक लाखाहून अधिक युरो किंमत आली. त्याच वहीत आंत्वानेतच्या इतर मित्रमैत्रिणींनीही आपल्या आवडी, आपली सुखे आणि आपली दुःखे लिहून ठेविली होती. तीही तिने तितक्याच जपून ठेवली होती.

स्वाध्याय

१. 'ते गावाचे उत्तर असते, त्या मुलाचे नव्हे' या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. मच्छीमाराच्या मुलाने 'सापाची' असे लिहिले असते, तर पुढे काय झाले असते?
३. पुढील शब्दांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : मनोराज्य, बगल देणे, दर्यावर्दी, लौकिक.
४. तुम्हांला आवडणारा एक पदार्थ, वाटणारी एक भीती आणि तुमचे एक मनोराज्य एका कागदावर लिहा. कागदावर नाव घालू नये. तो कोणास दाखवावा, की कोणासही दाखवू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे.