कार्डाचा हिशेब

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे दूरवर प्रसिद्ध आहे. या गावातील एका शेतकऱ्याच्या घरी एके संध्याकाळी किराण्याची यादी लिहिली जात होती. मृग नक्षत्र जवळ आले होते. सोयाबीनच्या बियाण्यासाठी जमवलेले पैसे एका डब्यात निराळे ठेवलेले होते.

इतक्यात सातवीत शिकणारी मुलगी वाशिमच्या एका मोठ्या दुकानाचे कार्ड घेऊन आली. शंभर रुपयांच्या खरेदीस एक पॉइंट मिळे. दोनशे पॉइंट झाले, म्हणजे प्रत्येकी पन्नास पैसे या दराने ते बिलातून वजा होत. घरचे 180 पॉइंट जमले होते. परंतु महिनाअखेरीस ते रद्द होणार होते. उद्याची यादी बाराशे रुपयांची होती.

मुलगी म्हणाली, "आजोबा, आणखी आठशे रुपयांचे सामान घेतले, तर शंभर रुपये फुकट मिळतील. बियाण्याच्या डब्यातून घ्यायचे का?"

आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाळ, आधी वही घे. 180 पॉइंट जमवायला आपले किती रुपये खर्च झाले?"

"अठरा हजार."

"आणि त्या पॉइंटांची किंमत?"

"नव्वद रुपये." मुलीचा आवाज उतरला.

"म्हणजे शेकडा पन्नास पैसे. आता तूरडाळ पाहा. आपल्या गावापेक्षा तिथे किलोमागे पाच रुपये जास्त पडतात. महिन्याला आपल्याला दोन किलो लागते."

मुलीने गुणाकार केला. वर्षाला 120 रुपये! कार्डाने जे दिले, त्याहून अधिक एकट्या डाळीने नेले होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

"मग कार्ड फाडून टाकू?"

"फाडायचे कशाला? साबण आणि मीठ तिथेही त्याच भावाने मिळते, खराब होत नाही आणि पुढच्या महिन्यात लागतेच. हातात मोकळा पैसा असता, तर ते आजच घेणे शहाणपणाचे होते. पण बियाण्याचा पैसा मोकळा नाही. पेरणी कोणाच्या पॉइंटसाठी थांबत नसते."

खरेदीच्या प्रमाणात परतावा देण्याची ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी 1844 साली विणकर व इतर कामगारांनी वर्गणी काढून स्वतःचे दुकान उघडले. उरलेला नफा ते सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटत. मुंबईतही नायगाव येथे 1948 साली कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था स्थापन केली. तीच पुढे 'अपना बाजार' या नावाने प्रसिद्ध झाली. अशा संस्थेत गिऱ्हाईकच मालक असतो. कार्ड देणाऱ्या दुकानाचा मालक मात्र दुसरा असतो. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याकडेच यावे, हा त्याचा हेतू असतो. त्यात गैर काही नाही. परंतु तो हेतू गिऱ्हाइकाने ओळखला पाहिजे.

कार्डामुळे आपण काय घेतो, याची नोंदही दुकानात राहते. म्हणून मोबाइल क्रमांक विचारपूर्वक द्यावा. तो दिला नाही म्हणून माल नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 साली दुकानदारांना दिली आहे.

कार्ड असो वा नसो, जी वस्तू आपण घेतलीच असती आणि जी अन्यत्र स्वस्त मिळत नाही, तिच्यावर मिळालेली सूटच खरी. बाकीची सूट म्हणजे आपल्याच पैशाने घेतलेले समाधान होय.

मुलीने यादीतील डाळ खोडली. कार्डाच्या पाकिटावर तिने पॉइंट रद्द होण्याची पुढल्या वर्षाची तारीख ठळक अक्षरांत लिहिली. मग बियाण्याचा डबा उचलून तिने तो आजोबांच्या हाती दिला.

अभ्यास

1. तूरडाळीच्या हिशेबावरून मुलीला काय कळले?
2. रॉचडेलचे दुकान आणि कार्ड देणारे दुकान यांत कोणता फरक आहे?
3. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' या म्हणीस शोभेल असा एक प्रसंग लिहा.
4. घरातील एखाद्या कार्डाचे नियम वाचून शंभर रुपयांमागे किती पैसे परत मिळतात, ते काढा.