कोरी नोट आणि वापरलेली नोट

बरीच वर्षं स्मारक नोटांच्या नादी लागल्यावर काही गोष्टी उमगल्या. उमगायला उशीरच झाला, पण छंदात घाई कुणाला असते?

१. नोट दुर्मीळ व्हायची तर ती आधी खर्च व्हावी लागते. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, २ ऑक्टोबर १९६९ रोजी, रिझर्व्ह बँकेने २, ५, १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. नाशिक रोडला छापलेल्या या नोटा आम्हा संग्राहकांसाठी नव्हत्याच. लोकांनी त्या देऊन भाजी आणली, रॉकेल आणलं. म्हणून तर आज त्यांतली कोरी करकरीत नोट दिसली की आमचे डोळे लकाकतात. जी नोट सगळेच जपून ठेवतात, तिला पुढे गिऱ्हाईक कुठून मिळणार?

२. जपणं हाही ऐपतीचाच भाग. दोनाची नोट ट्रंकेच्या तळाशी ठेवून देणं परवडायचं. शंभराची नोट म्हणजे पगाराचा मोठा तुकडा. माझ्याकडच्या शंभरावर मधोमध घडीची पांढरी रेघ आहे, वॉटरमार्कच्या जागेत स्टेपलची भोकं आहेत आणि मागे, सेवाग्रामच्या कुटीपुढे बसलेल्या बापूंच्या शेजारी, कुणीतरी शाईने बेरीज मांडली आहे. विकणाराच म्हणाला, “साहेब, ही राहू द्या, चांगली दाखवतो.” मी हीच घेतली. बेरीज बरोबर आहे, हे घरी येऊन तपासलंसुद्धा.

३. उत्सव एकाचा, कौतुक दुसऱ्याचं, असं होतं. भारतीय नोटेवर गांधीजी पहिल्यांदा आले ते याच मालिकेत. पण आता रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर तेच असल्याने ती नवलाई पोरांना समजावून सांगावी लागते. आणि आम्ही जाणकार? भिंग लावून आधी गव्हर्नरची सही बघतो. काही नोटांवर एल. के. झा यांची, काहींवर बी. एन. आडारकरांची. आडारकर १९७०च्या मे-जूनमध्ये जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते. शताब्दी राहते बाजूला.

४. नाणं काढणं सोपं, नोट काढणं जिकिरीचं. स्मारक नाणी सरकार काढतं आणि टांकसाळ त्यांतली बरीचशी दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने विकते. ती कुणी दुकानात घेऊन जात नाही. नोट मात्र रिझर्व्ह बँकेचं देणं. तिचा नमुना बँकेच्या केंद्रीय मंडळाने सुचवायचा, केंद्र सरकारने मंजूर करायचा, छापखान्याने नव्या प्लेटा करायच्या. एवढं करून खेड्यातल्या वाण्याने ती हातात घेऊन ओळखली पाहिजे. अनोळखी नोट म्हणजे खोट्या नोटा छापणाऱ्यांना आयतं आवतण.

५. निव्वळ मिरवण्यासाठी काढलेल्या नोटेला बाजारात वागता येत नाही. थायलंडने १९८७मध्ये राजाच्या साठीनिमित्त साठ बातची चक्क चौरस नोट काढली. पाकिटात ठेवायची कशी? नेपाळने १९९७मध्ये राजे बीरेंद्रांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाला अडीचशेची काढली. हाँगकाँगमध्ये एचएसबीसी बँकेने २०१५ साली दीडशे डॉलरची नोट ३८० डॉलरला विकली, वरची कमाई धर्मादाय कामाला दिली. ३८० मोजून घेतलेली नोट दीडशेला कोण मोडेल? कायद्याने ते चलन, व्यवहारात चित्र.

६. या सगळ्यात नोट काढणाऱ्या बँकेचं काही बिघडत नाही. कधीच परत न येणारी नोट म्हणजे तिला मिळालेलं बिनव्याजी, बिनमुदतीचं कर्ज. “पैसे देऊन पैसेच विकत आणता होय?” असं बायको विचारते, तेव्हा हे अर्थशास्त्र मी तिला सांगत नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटांचा खर्च वेगळा, हे तर मुळीच नाही.

७. तरीही आपल्याकडे पुन्हा एखादी स्मारक नोट निघावी, असं मनापासून वाटतं. फक्त ती दहा-वीस रुपयांची असावी, भरपूर छापावी आणि मखमली पेटीत न घालता सरळ बाजारात सोडावी. आमची सोय कुणी बघू नये. चार माणसांच्या हातांतून फिरून आलेली नोट शोधून काढायची हौस आम्हाला आहेच.